वाचकांचे प्रश्न : ही प्रेमकथा म्हणावी का?

प्रश्न : ‘व्हेरी ऑर्डिनरी कपल’ हा कोरियन चित्रपट आम्ही तिघी मैत्रिणींनी एकत्र पाहिला. बँकेतील दोन सहकाऱ्यांची प्रेमकथा म्हणून हौसेने लावला, पण ‘यात नुसती भांडणेच आहेत’ असे म्हणून दोघी वैतागल्या. मला मात्र तो मनापासून आवडला. माझेच काही चुकते आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे मुळीच चुकलेले नाही. मैत्रिणींचा अपेक्षाभंगही समजण्यासारखा आहे, कारण कोरियन मालिकांतील कार्यालयीन प्रेम बहुधा पहिल्या ओढीपासून सुरू होते, तर २०१३ साली आलेला, रो डॉक या दिग्दर्शिकेचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट सुरूच होतो ताटातुटीपासून.

डोंग-ही आणि यंग यांनी तीन वर्षे आपले नाते बँकेत लपवलेले असते. जे नाते कोणाला ठाऊकच नाही, त्याच्या तुटण्याचे दुःख तरी कोणापुढे व्यक्त करणार? दुसऱ्या दिवशी त्याच शाखेत, त्याच माणसांत काम करायचे असते. म्हणूनच एकमेकांच्या वस्तू मोडून परत पाठवण्याचा त्यांचा पोरकटपणा मला क्षुद्र वाटत नाही; कोंडलेल्या रडण्याला सापडलेली ती वाट आहे. मध्येमध्ये पात्रे माहितीपटातल्यासारखी कॅमेऱ्याशी बोलतात, आणि तिथले त्यांचे बोलणे प्रत्यक्ष वागण्याशी जुळत नाही, हे पुन्हा पाहताना अवश्य टिपा.

चित्रपटात एक आकडेवारी ऐकू येते : विभक्त झालेल्या जोडप्यांपैकी ८२ टक्के पुन्हा एकत्र येतात, पण त्यांतली ३ टक्केच टिकतात. तिला संशोधन समजू नये, पण उत्तरार्धातली सारी भीती तिच्यात आहे. दोघे पुन्हा एकत्र येतात खरे, पण आता भांडण होऊ नये म्हणून प्रत्येक शब्द जपून वापरतात, आणि मनोरंजन उद्यानातील पावसाच्या प्रसंगात हे जपणे असह्य होऊन फुटते. मला वाटते, तुमच्या मैत्रिणींना खरा त्रास इथेच झाला असावा, कारण इथे दोष एकावर ढकलता येत नाही.

मूळ कोरियन शीर्षकाचा अर्थ ‘प्रेमाचे तापमान’ असा आहे. इंग्रजी नावामुळे हा अर्थ हरवला. तो ठाऊक असता तर तुमच्या मैत्रिणींनी कदाचित वेगळ्या अपेक्षेने चित्रपट लावला असता.