बायको नाशिकला, खूण हेड ऑफ हाउसहोल्डवर

फेब्रुवारी लागला की अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नवर कोणत्या चौकोनात खूण करायची, हा तोच प्रश्न वेगवेगळ्या गावांची नावं लावून माझ्याकडे येतो. त्यात तुमचा फारसा दोष नाही. भारतात नवरा-बायको आपापलं रिटर्न भरतात, लग्नामुळे कर बदलत नाही. इथे १०४० या आयकर रिटर्नच्या पहिल्याच पानावर पाच चौकोन समोर येतात: सिंगल (अविवाहित), मॅरीड फायलिंग जॉइंटली (नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न), मॅरीड फायलिंग सेपरेटली (दोघांचं वेगवेगळं), हेड ऑफ हाउसहोल्ड (अविवाहित, पण आश्रितांचं घर चालवणारा) आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउज (जोडीदार गमावलेला). मग माणूस मित्राला फोन लावतो आणि गोंधळ सुरू होतो. खालचे आकडे २०२५ च्या करवर्षाचे आहेत.

प्रश्न : १२ डिसेंबरला सांगलीत लग्न झालं, पण रजिस्ट्रेशन जानेवारीत. २०२५ साठी मी सिंगल ना?

नाही. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं, म्हणून अख्खं वर्ष तुम्ही विवाहित. हिंदू विवाह कायद्याने लग्न सप्तपदीने पुरं होतं, रजिस्ट्रारच्या शिक्क्याने नाही. साखरपुडाच झाला असता तर सिंगल.

प्रश्न : कंपनीत डब्ल्यू-४ वर सिंगल लिहिलं होतं. आता रिटर्नवरही तेच लिहावं लागेल का?

नाही. डब्ल्यू-४ पगारातून किती कर कापायचा एवढंच ठरवतो.

प्रश्न : ताई, मी चार वर्षं एच-वन बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. बायको शिक्षिका, ती आणि मुलगी नाशिकला. घरखर्च सगळा मीच पाठवतो. मित्राच्या टॅक्सवाल्याने हेड ऑफ हाउसहोल्ड करून दिलं आणि रिफंड वाढला. मीही करू का?

करू नका. आता जरा सविस्तर बोलते, कारण हा रोग पसरलाय.

‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंबप्रमुख नव्हे. रेशनकार्डावर कोणाचं नाव वर आहे, हे आयआरएस (इथलं आयकर खातं) विचारत नाही. तुमचा मित्र जे अर्धवट सांगतो त्यात एक धागा खरा आहे: बायको करासाठी नॉन-रेसिडेंट (इथली रहिवासी नसलेली) असेल, तर या एका स्टेटससाठी कायदा तुम्हाला ‘अविवाहित’ धरू शकतो. पण तिथेच थांबून चालत नाही. घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुमचा हवा आणि पात्र व्यक्ती त्याच घरात तुमच्यासोबत अर्ध्या वर्षाहून जास्त राहायला हवी. बायको ही पात्र व्यक्ती होत नाही. मुलगी नाशिकला आहे. ती अमेरिकेत जन्मलेली असती, तरी राहते आईपाशीच. झालं, दावा संपला.

मोह कशाचा तेही कळतं. सेपरेटली भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून थेट वजा होणारी रक्कम) १५,७५० डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५. वरच्या ७,८७५ वर कर वाचतो, आणि रिफंडच्या टक्केवारीत फी घेणाऱ्याला तो वाचवायची फारच हौस असते. मागच्या वर्षी असंच एक रिटर्न, सोबत आयआरएसचं पत्र, माझ्या टेबलावर आलं. हेड ऑफ हाउसहोल्डवर ठसठशीत खूण. शेवटच्या पानावर तयार करणाऱ्याच्या जागी ‘सेल्फ-प्रिपेअर्ड’. साडेतीनशे डॉलर रोख घेणाऱ्याचं नाव नाही, सही नाही, पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्याचा आयआरएस क्रमांक) नाही. त्याचा फोन लागत नव्हता. उत्तर द्यायला उरला बिचारा पगारदार. निष्काळजीपणा ठरला तर बुडालेल्या कराच्या २० टक्के दंड, वर व्याज.

मग तुमच्यापुढे वाटा दोनच: सेपरेटली, किंवा बायकोला करापुरतं रेसिडेंट धरून जॉइंटली. जॉइंटलीला डिडक्शन ३१,५००, ऐकायला गोड. पण मग तिचा नाशिकचा पगार, एफडीचं व्याज, पीपीएफचंसुद्धा, सगळं इथे दाखवायचं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. मात्र तिच्या नावावर म्युच्युअल फंड असतील, तर फॉर्म ८६२१ नावाची, परदेशी फंडांसाठीची डोकेदुखी सोबत येते. ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि एकदा मागे घेतलीत तर तुम्हा दोघांना पुन्हा करता येत नाही. शिवाय तिला आयटीआयएन (करापुरता ओळख क्रमांक) लागेल. त्यासाठी डब्ल्यू-७ या अर्जासोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत द्यायची, नाहीतर मान्यताप्राप्त एजंटाकडून तपासून घ्यायचा. कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का चालत नाही. दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून घ्या, आणि सही न करणाऱ्याकडून नको.

प्रश्न : आई-बाबा कोल्हापूरला, दरमहा पैसे मीच पाठवते. मी अविवाहित. आई-वडील वेगळ्या घरात असले तरी हेड ऑफ हाउसहोल्ड चालतं असं वाचलं.

वाचलंत ते बरोबर, पण अर्धंच. आधी ते तुमचे डिपेंडंट (करासाठी आश्रित) ठरायला हवेत, आणि त्यासाठी ते अमेरिकन नागरिक किंवा करासाठी इथले रेसिडेंट हवेत. कॅनडा-मेक्सिकोत राहणाऱ्यांना सवलत आहे, कोल्हापूरला नाही. तुम्ही सिंगल. ते इथे येऊन बरेच महिने राहिले असतील, तर दिवस मोजून सल्लागाराला दाखवा.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला. यांच्या धंद्याचे हिशोब मला पटत नाहीत. जॉइंट रिटर्नवर सही करावी का?

पटत नसतील तर करू नका. जॉइंट रिटर्नवरच्या सगळ्या कराला दोघंही पूर्ण जबाबदार, उद्या घटस्फोट झाला तरी. शिवाय सेपरेटली भरलेलं साधारण तीन वर्षांत जॉइंटली करता येतं, पण जॉइंटली भरलेलं १५ एप्रिलनंतर सेपरेटली करता येत नाही. म्हणून शंका असताना घाईची सही नको.

पण टेक्सासची मेख वेगळी. तिथे लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी धरतात, त्यामुळे सेपरेटली भरलंत तरी त्यांच्या धंद्याच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा तुमच्या रिटर्नवर येऊ शकतो. त्यासाठी फॉर्म ८९५८ असतो. स्वतःचा सल्लागार गाठा, त्यांचा नको.

प्रश्न : एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर तिसरं वर्ष आहे. मित्राने सॉफ्टवेअरमधून साधा १०४० भरला. मीही तसाच भरू?

नाही. करासाठी तुम्ही अजून नॉन-रेसिडेंट, म्हणून त्यांचं रिटर्न १०४०-एनआर, सोबत विद्यार्थी म्हणून इथले दिवस मोजणीतून वगळायचा फॉर्म ८८४३. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन योग्य फॉर्मवरही मिळतं. मित्राने शिक्षणाचं क्रेडिटही घेतलं असेल, तर नोटिशीची वाट न बघता १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरायला सांगा.

प्रश्न : हे ऑगस्टमध्ये गेले. मुलगा दहा वर्षांचा आहे. आता मी कोणत्या चौकोनात?

२०२५ साठी जॉइंटलीच भरा, तो हक्क तुमचा आहे. पुढची दोन वर्षं मुलगा तुमच्या घरी डिपेंडंट असेल आणि तुम्ही पुन्हा लग्न केलं नसेल, तर क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउज. डिडक्शन जॉइंटलीइतकंच राहतं. भारतातली ठेव, विमा, घर तुमच्या नावावर होत असेल तर ते कागद दाखवल्याशिवाय रिटर्न पाठवू नका. दाखवायला माझ्याकडे आलात तरी चालेल, फी नाही.

प्रश्न : १४ एप्रिलला तुमची वेळ मिळेल का?

नाही. मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरा, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळेल. ती रिटर्नची मुदत आहे, पैशांची नाही. अंदाजे कर १५ एप्रिललाच भरायचा.