अलेब्रिहे करणारा कलाकार की कारागीर?

तुम्ही विचारलंय की अलेब्रिहे (कागदाचे किंवा लाकडाचे रंगीत, काल्पनिक प्राणी) अशा मेक्सिकोतल्या लोककलेतून काम करणाऱ्या आजच्या लोकांना कलाकार म्हणावं की कारागीर, आणि सुरुवात कुणापासून करावी. कलाकारच म्हणावं. यात चर्चेला जागाच नाही.

मी म्हापशाचा. दर दिवाळीला वाड्यावर नरकासुर करायचो. तारेचा सांगाडा, आत गवत, वर खळीत भिजवलेले कागद. कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला याच पद्धतीने चार फुटी डोकं केलं आणि शिल्प म्हणून सादर केलं. सरांनी जवळ येऊनही पाहिलं नाही. म्हणाले, "हे वाड्यावर ठेव. ही कारागिरी." काठावर पास झालो.

पुढे कामानिमित्त मेक्सिको सिटीला गेलो, तेव्हा सान आनहेल भागातला चित्रकार दिएगो रिवेराचा स्टुडिओ पाहिला. तिथे कागदाचे भलेमोठे हुदास, म्हणजे येशूचा घात करणाऱ्या ज्यूडासचे पुतळे, उभे आहेत. पीठाची खळ, कागदाचे थर, वर रंग! ईस्टरच्या आदल्या शनिवारी फटाके लावून जाळायचे हे पुतळे. आमच्या नरकासुरासारखंच त्यांचंही आयुष्य जळण्यापुरतं. पण कार्मेन काबायेरो या बाईंनी केलेले हुदास रिवेराने जपून ठेवले, आपल्या चित्रांतही आणले. मी तिथून लवकर हललो नाही. मी केलेलं कागदाचं डोकं तोवर कधीच पावसात भिजून गेलं होतं.

अशीच खळ वापरून अलेब्रिहे करणाऱ्या पेद्रो लिनारेस यांना 1990 मध्ये मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही लोककलेच्या वेगळ्या विभागात, हे मला अजून खटकतं.

आजच्यांपैकी मार्गारिता काब्रेरा यांचं काम आधी बघा. जन्म मोंतेर्रेचा, काम टेक्सासमध्ये. अमेरिकी सीमा गस्तीच्या जुन्या गणवेशांच्या कापडातून त्या स्थलांतरितांकडून निवडुंग शिवून घेतात, आणि शिवणारे त्यावर आपल्या सीमा ओलांडण्याची गोष्ट भरतात. टाके मेक्सिकोतल्या ओतोमी आदिवासींच्या भरतकामाच्या वळणाचे. कुंड्या मात्र खऱ्या मातीच्या. यात कारागिरी कुठे संपते ते कुणी दाखवावं.

एक सांगायचं राहिलं, अलेब्रिहे प्राचीन नाहीत. ते लिनारेस यांनीच विसाव्या शतकात रूढ केले. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातले लाकडी त्यानंतरचे. आणि बाजारातली प्रत्येक रंगीत वस्तू मी कलेत धरत नाही.

तुम्ही कला महाविद्यालयात असाल तर कागदाचंच शिल्प सादर करा. गुण कापले तर कारण लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.