डीप पर्पल: यादी करण्याआधी

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या आवडत्या गाण्यांची क्रमवार यादी करताय? एकच यादी करू नका. स्टुडिओची वेगळी, लाइव्हची वेगळी. सुरुवातीला दोन अल्बम पुरेत: ‘मशीन हेड’ (१९७२) आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसाका-टोकियोत रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम ‘मेड इन जपान’. चार गाणी दोन्हींत आहेत, ती जोडीजोडीने ऐका.

नवखे इथे हमखास चुकतात:
- जे मोठ्याने वाजतं ते सरस वाटतं. आवाज सारखा ठेवा.
- लांबीला भुलतात. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, मंचावर जवळपास २० मिनिटांचं. वाढीव भाग बहुतेक उत्स्फूर्त वादनाचा. तो आवडला तर लाइव्हच्या यादीत खुशाल वर चढवा, पण त्या जोरावर स्टुडिओतलं गाणं वर नेऊ नका.

‘मेड इन जपान’वरच्या ‘चाइल्ड इन टाइम’ची स्टुडिओ आवृत्ती १९७० च्या ‘इन रॉक’वर आहे, ती चुकवूच नका! बूटलेग (परवानगीशिवाय निघालेली रेकॉर्डिंग), रिमास्टर (आवाज नव्याने सुधारून काढलेल्या आवृत्त्या) नंतर बघू.