हॉट टबात स्पीकर बसवून घ्यावेत का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही हॉट टब घेतोय. मॉडेल ठरलं आहे, एकाच गोष्टीवरून घरात एकमत होत नाही. काठात चार स्पीकर आणि खाली एक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) असं 'साउंड पॅकेज' जादा पैसे भरून मिळतं. पत्नीला ते हवंच आहे, कारण दिवसभराच्या कामानंतर गाणी ऐकत पाण्यात पडून राहायचं हे तिच्या मनात पक्कं आहे. मला वाटतं, एखादा ब्लूटूथ स्पीकर शेजारी ठेवला तरी भागेल. विक्रेता म्हणतो, आता नाही घेतलं तर नंतर बसवता येणार नाही. काय करावं?

उत्तर : गाणी हवीतच. कोमट पाण्यात अंग सैल सोडल्यावर ऐकलेलं गाणं वेगळंच लागतं, आणि तुमच्या पत्नीनं त्याचा आग्रह धरला याचा मला आनंद वाटतो. पण तेवढ्यासाठी स्पीकर टबाच्या अंगातच असायला हवेत असं नाही. मी ध्वनियंत्रणा बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करते, आणि तुमच्या जागी मी असते तर हे पॅकेज घेतलं नसतं.

कारण सांगते. टब तुम्ही दिवसातून फार तर अर्धा तास वापरणार. काठातला स्पीकर मात्र दिवसाचे चोवीस तास तिथेच असतो. कव्हर घातलं की खाली ३८-४० अंशांचं पाणी, त्यावर कोंडलेली वाफ आणि त्या वाफेत क्लोरीन किंवा ब्रोमीन. पाणी शुद्ध ठेवायला ओझोनची सोय असलेल्या टबात त्याचीही भर पडते, आणि ओझोन रबराचा शत्रू आहे. चांगले उत्पादक कागदी पडद्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि फोमऐवजी रबराची कड वापरतात. असे स्पीकर जास्त टिकतात, यात शंका नाही. पण पडदा टिकला म्हणून मागची जोडणी टिकतेच असं नाही. माझ्याकडे आलेल्या अशा स्पीकरांमध्ये बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो : तांब्यावर हिरवट थर चढलेला आणि टर्मिनल कुरतडलेलं. स्पीकरांना ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर तर खाली पंप आणि हीटरच्या शेजारी, त्याच उबेत बसलेला असतो. शेजारी ठेवायचा स्पीकर अर्ध्या तासानं पुसून घरात नेता येतो. माझ्या मते सगळा निकाल या एका फरकावर लागतो.

दुसरा मुद्दा वयाचा. नीट सांभाळलेला टब दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. गाणी वाजवण्याची साधनं इतकी थांबत नाहीत. एके काळी कितीतरी टबांच्या काठाला आयपॉड बसवायची खोबण असायची. तिच्यातला रुंद, ३० पिनांचा जोड २००३ साली आला, २०१२ साली ॲपलनं नव्या फोनमध्ये तो बदलला, २०२३ साली तो बदललेलाही पुन्हा बदलला, आणि आयपॉडचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. टब उत्तम चालतोय आणि काठावर निरुपयोगी खोबण तेवढी उरली आहे, असं चित्र त्यातून तयार झालं. ब्लूटूथच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे, नवा फोन जुन्या रिसीव्हरशी सहसा जुळतो. तरी विचारून घ्या की रिसीव्हर नेमका कुठे बसवलाय. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाणी शोषून घेतं. रिसीव्हर एका बाजूला खाली आणि फोन समोरच्या बाजूला असला, तर मध्ये भरलेला टब आणि त्यात बसलेली माणसं येतात. गाणं मध्येच तुटायला लागतं ते यामुळे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल, कारण माहितीपत्रकात याचा उल्लेखच नसतो. जेट, म्हणजे टबातले पाण्याचे जोरदार झोत, चालू केले की पंपाची घरघर आणि बुडबुड्यांचा खळखळाट सुरू होतो. हा आवाज एखाद्या ठरावीक सुरात नसतो, खर्जापासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. त्यामुळे गाण्यातलं नाजूक काम, गायकाचा श्वास, तारेचा झणकार, हे सगळं त्याखाली दबून जातं. मग माणूस आवाज वाढवतो. काही वेळानं जेट टायमरनं आपोआप थांबतात, आणि वाढवलेलं गाणं एकदम अंगावर येतं. आत बसवलेले चार स्पीकर असोत की बाहेरचा एक, ही अडचण दोघांनाही आहे. तिला उपाय एकच : आधी जेटनं पाठ शेकून घ्या, मग जेट बंद करून गाणं लावा. तुमच्या पत्नीला जे पडून राहणं हवं आहे, ते जेट बंद असतानाच खऱ्या अर्थानं मिळेल.

काठातल्या स्पीकरांचा एक गुण मात्र मला मान्य आहे. ते कानाजवळ असतात. उघड्यावर भिंती नसतात, आवाज परतून येत नाही, आणि अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. चार मीटरांवरच्या स्पीकरला जितकं जोरात वाजावं लागतं, त्याच्या मानानं अर्ध्या मीटरवरचा स्पीकर अगदी हळू वाजवला तरी तेवढंच ऐकू येतं. शेजाऱ्यांची झोपही त्यामुळे मोडत नाही. पण हाच फायदा काठावर कानाच्या उंचीला ठेवलेला छोटा स्पीकरही देतो. स्टिरिओची अपेक्षा तर दोन्हीकडे ठेवू नका. टबात माणसं समोरासमोर बसतात, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि प्रत्येकाला डोक्यामागचा स्पीकरच सगळ्यात मोठा वाटतो. सबवूफर तर नकोच म्हणेन. खर्जाचा आवाज सगळ्या दिशांना पसरतो आणि भिंती सहज ओलांडतो. गाणं तुमच्याजवळ राहतं आणि धबधब शेजारच्या खोलीत पोहोचते. हे मला मनापासून खटकतं.

विक्रेत्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. टब तयार झाल्यावर त्याच्या काठाला भोकं पाडून स्पीकर बसवायला जाऊ नका. गळतीचा धोका असतो आणि टबाची वॉरंटीही जाऊ शकते. पण भोकं पाडायची गरज पडणारच नाही, म्हणून ही भीती तुम्हाला लागू नाही.

तरीही घ्यावं अशी परिस्थिती असते. टबाच्या भोवती काही ठेवायला जागाच नसेल, किंवा प्रत्येक वेळी स्पीकर आणणं-नेणं पत्नीला नकोसं होऊन गाणीच राहून जाणार असतील, तर घ्या. तिच्या सुखासाठीच तर हा खटाटोप चाललाय. मात्र पैसे भरण्याआधी स्पीकर वरून स्क्रू काढून बदलता येतो का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. ब्लूटूथशिवायही गाणी लावता यावीत म्हणून साधी तार जोडायची खाच मागा. आवाजाच्या भागांची वॉरंटी वेगळी आणि बहुधा कमी मुदतीची असते, ती लेखी घ्या. बटण दाबल्यावर वर येणारे पॉप-अप स्पीकर मी टाळेन. त्यांची वरखाली होणारी यंत्रणा अडकते, आणि ते खाली न बसवता कव्हर ओढलं गेलं की तुटतात.

बाहेरचा स्पीकर घेताना खोक्यावरच्या 'आयपीएक्स७' या खुणेचा अर्थ नीट समजून घ्या. एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं ठेवला तर चालेल, एवढंच ती सांगते. ती चाचणी साध्या पाण्यात होते, गरम क्लोरीनच्या पाण्यात नाही, आणि जोराच्या फवाऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. फवाऱ्यासाठी 'आयपीएक्स५' ही वेगळी खूण असते. स्पीकर पाण्यात तरंगत सोडू नका, आणि वापरून झाला की स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडा करा. तो बॅटरीवरच चालवा. भिंतीतल्या प्लगला जोडलेलं कोणतंही उपकरण टबाच्या हाताच्या अंतरात असता कामा नये, मग तार कितीही लांब असो. फोनही वाफेपासून लांब ठेवा, त्याला एवढी उष्णता सोसत नाही.

आणि पत्नीला माझ्याकडून एक सांगा : ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरे. गाणी तेवढ्याच लांबीची निवडून लावली की ती थांबताच उठायचं, घड्याळाकडे बघावं लागत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या टबातले दोन स्पीकर बंद आहेत, एक खरखरतो. बाकी टब ठणठणीत. दुरुस्तीला पैसे घालावेत का?

उत्तर : थोडे घालून बघा. आधी टबाचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करा, मगच हात लावा. स्पीकर काढून मागची जोडणी पाहा. हिरवट थर दिसला तर तो साफ करून नवं टर्मिनल लावल्यावर बरेचदा आवाज परत येतो. विजेचा रोध मोजायचा मीटर (मल्टिमीटर) असेल तर तारा काढून स्पीकरचा रोध मोजा. ४ ओहमचा स्पीकर चांगला असेल तर साधारण ३ ते ४ च्या मध्ये आकडा दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे, स्पीकर बदलावा लागेल. तोच व्यास आणि तेवढेच ओहम असलेला, बोटींसाठी बनवलेला स्पीकर चालतो, कारण तोही ओलाव्यासाठीच बनवलेला असतो. उद्या सगळेच एकदम गप्प झाले तर दोष स्पीकरांत नाही, ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. तो महाग निघाला तर सोडून द्या, पण मेलेले स्पीकर जागेवरच राहू द्या. काढले की काठाला भोक उरतं आणि पाणी आत शिरतं.

प्रश्न : टबाच्या पाठीमागून चिकटवलेल्या, दिसतच नसलेल्या स्पीकरांबद्दल ऐकलं. पाण्याखालीही ऐकू येतं म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे. त्यांना ट्रान्सड्यूसर म्हणतात. ते टबाचं कवचच थरथरवतात, त्यामुळे भोकं पडत नाहीत, हा मोठा गुण. पाण्याबाहेर मात्र वरचे सूर बोथट ऐकू येतात. पाण्याखाली आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन कानांपर्यंत पोहोचण्यातला वेळेचा फरक इतका कमी होतो, आणि कवटीच्या हाडांतूनही इतकं ऐकू येतं, की दिशा कळतच नाही. गाणं डोक्याच्या आत वाजतंय असं वाटतं. अनुभव विलक्षण आहे. बुडबुडे हा आवाज खातात, म्हणून जेट बंद हवेत. टबाच्या मागची पोकळी पूर्ण फोमनं भरलेली असेल तर पुढे दुरुस्तीसाठी तो फोम खरवडावा लागतो, हे आधी विचारून घ्या. ऐकायला कान बुडवताना पाणी खेचणाऱ्या जाळीपासून डोकं लांब ठेवा. लांब केस असतील तर ते घट्ट बांधून टोपीत घाला, आणि ती जाळी तडकलेली किंवा सैल दिसली तर ती बदलेपर्यंत टबात कुणीच उतरू नका.