डॉ. आंबेडकर १९५२ साली लोकसभेला हरले तो 'मुंबई शहर उत्तर' मतदारसंघ आज कुठे आहे?

नकाशात तो सापडणार नाही. आणि नावामागे गेलात तर भलतीकडेच पोचाल. १९५७ साली कृष्ण मेनन 'मुंबई शहर उत्तर'मधून पीटर अल्वारिसना हरवून निवडून आले, १९६२ ला त्यांनी कृपलानींना पाडलं, पण तो उपनगरांकडचा मतदारसंघ. बाबासाहेब लढले तो गिरणगाव, दादरचा पट्टा. तेव्हा नाव सोडा, वस्ती धरा.

१९५२ ला हा द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं आणि दर उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती, म्हणजे एक चिठ्ठी बाबासाहेबांच्या हत्तीच्या पेटीत आणि दुसरी अशोक मेहतांच्या झाडाच्या पेटीत पडायला हवी होती. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर दुसरं मत बाद. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. राखीव जागेवर काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक साडेचौदा हजारांचा आणि बाद मतं सत्तर हजारांच्या वर! कम्युनिस्ट नेते डांगेही याच मैदानात होते. कम्युनिस्टांनी मतं 'कुजवायला', म्हणजे मुद्दाम बाद करायला सांगितली, असा आरोप करत बाबासाहेब आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणात गेले, पण अर्ज फेटाळला गेला. माझ्या मते युतीची मतं एकमेकांकडे नीट वळली नाहीत हेही तितकंच खरं, पण त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

१९५७ ला हा पट्टा बहुतांशी 'मुंबई शहर मध्य'मध्ये गेला. तोही द्विसदस्यच. पण मधे संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले लाल बावटा आणि फेडरेशन आता संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र. डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने, दोघेही आले. बाबासाहेब मात्र हे बघायला नव्हते.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य पद्धत संपली. पुढे 'मुंबई मध्य'मधून रा. धों. भंडारे दोनदा निवडून गेले. ते बिहारचे राज्यपाल झाल्यावर जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानातल्या सभेनंतर दंगल उसळली. शिवसेनेचा पाठिंबा असूनही काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे जिंकल्या.

१९७७ च्या निवडणुकीआधी नव्या रचनेत 'मुंबई मध्य'ही गेला. आज यातलं दादर, वडाळा दक्षिण मध्य मुंबईत, आणि वरळी, लालबाग, परळ दक्षिण मुंबईत आहे, कुलाबा आणि मलबार हिलबरोबर.