मेद कोण खातो?

अमळनेरच्या एक ताई आहारविषयक माहितीपत्रक मराठीत आणत आहेत. मूळ मजकुरात ताटातल्या आणि अंगावरच्या, अशा दोन्ही गोष्टींना ‘फॅट’ हा एकच शब्द असल्यामुळे त्यांच्या हातून ‘मेद खाल्ल्याने मेद वाढतोच असे नाही’ असे वाक्य उतरले आणि ते ऐकून त्यांच्या सासूबाईंनी विचारले, ‘मेद कोण खातो?’ मेद, चरबी आणि स्निग्ध पदार्थ यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा, आणि हिंदीतला ‘वसा’ घेतला तर चालेल का, असे ताईंनी विचारले आहे.

माझ्या मते सासूबाईंचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अगदी अचूक आहे. मेद कोणी खात नाही; आपण तेल, तूप, लोणी, तीळ, शेंगदाणे खातो. खाण्यात येणाऱ्या या सगळ्यांसाठी ‘स्निग्ध पदार्थ’ हा शब्द शाळेच्या पुस्तकांतून रुळलेला आहे आणि दुधाच्या पिशवीवर ‘स्निग्धांश’ छापलेला असतो. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर मात्र ‘आज फॅट कमी लागली’ असेच म्हणतात. पावतीवर म्हशीच्या दुधापुढे 6.8 असा आकडा असतो, तो शंभर भाग दुधातल्या याच स्निग्धांशाचा. तिथे ‘फॅट’ शब्दाने कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण ती कोणाच्या अंगावरची नसून दुधातली आहे, हे सर्वांना ठाऊक असते.

‘स्निग्ध’ आणि ‘स्नेह’ हे एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. आयुर्वेदात घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत, आणि त्यातला ‘तैल’ मुळात तिळाचा. पुढे अर्थ पसरला म्हणून शेंगदाण्याचेही ‘तेल’ झाले आणि खोबरेल, एरंडेल हे जोडशब्द घडले. ‘चरबी’ फारसीतून आलेली आहे. मराठीत ती प्राण्याच्या किंवा माणसाच्या अंगची असते, त्यामुळे शेंगदाण्याच्या तेलाला चरबी म्हणता येत नाही. ‘वसा’ हा शब्द मात्र घेऊ नये. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हे वाक्य ज्या भाषेच्या कानात बसलेले आहे, तिथे ‘वसा कमी करा’ म्हटले तर व्रत मोडायला सांगितल्यासारखे वाटेल.

ताटातल्यासाठी एक आणि अंगातल्यासाठी दुसरा, असे दोन शब्द ठेवण्याचा माझा आग्रह केवळ शुद्धतेपोटी नाही. दोन्हींना एकच नाव दिले की खाल्लेले तेल जसेच्या तसे पोटावर जाऊन बसते, असे वाटू लागते. आपल्याकडे खिचडीवर शेंगदाण्याचे कच्चे तेल घेतात. त्या ताटातल्या तेलाचे आतड्यात पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस यांच्यामुळे विघटन होते, मेदाम्ले (फॅटी ॲसिड) सुटी होतात आणि शरीर ती इंधन म्हणून वापरते किंवा साठवते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात आणि पिष्टाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममधून सुमारे 4, त्यामुळे तेलाचा हात सैल सुटला तर साठा वाढतोच. पण त्याच ताटातला भात गरजेपेक्षा जास्त झाला तरी तो वाढतो. शिवाय इन्सुलिन मुख्यतः भातातल्या पिष्टामुळे स्रवते, नुसत्या तेलामुळे फारच थोडे. ते रक्तातली साखर पेशींत जाण्यास मदत करते आणि साठलेला मेद सुटा होण्याला आवर घालते. (लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट, स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीसमूहांवरून हे नाव पडले, म्हणून ‘इन्सुलिन’ तसेच ठेवावे, त्याला प्रतिशब्द शोधू नये.)

माहितीपत्रकातल्या हाडांच्या परिच्छेदात तर हा भेद जपायलाच हवा. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे जेवणात थोडे तेल-तूप असले की ते आतड्यातून चांगले शोषले जाते, आणि ते पुरेसे असले तरच कॅल्शियम नीट अंगी लागते. ज्यांना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यांच्या आतड्यात न शोषलेली मेदाम्ले कॅल्शियमला धरून साबणासारखी होतात आणि ते कॅल्शियम शौचावाटे निघून जाते. इथे ‘मेद हाडांना उपयोगी’ असे लिहिले, तर वजन वाढवा असाच त्याचा अर्थ घेतला जाईल. आयुर्वेदाने शरीराचे जे सात धातू, म्हणजे घटक, मानले आहेत, त्या सप्तधातूंच्या क्रमात मेदानंतर अस्थी आणि त्यानंतर मज्जा येते, आणि प्रौढ माणसाच्या लांब हाडांमधली पिवळी मज्जा बव्हंशी मेदाचीच असते. हे जुळणे मला फार मोहक वाटते, परंतु माहितीपत्रकात त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये.

‘मेद’ शरीरातल्या साठ्यासाठी ठेवावा. ‘मेदस्वी’ हा शब्दही त्यावरूनच आला आहे. ‘मेदाम्ल’ ही रसायनशास्त्राची संज्ञा असल्यामुळे ती दोन्हीकडे चालेल, आणि तिच्यासोबत आपल्या पाठ्यपुस्तकांतले ‘संपृक्त’ (सॅच्युरेटेड) आणि ‘असंपृक्त’ (अनसॅच्युरेटेड) हेच शब्द वापरावेत, हिंदीतला ‘संतृप्त’ नको. ताईंचे वाक्य मी असे लिहीन: ‘तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ बेताने खाल्ले, तर केवळ त्यांच्यामुळे अंगावरची चरबी वाढत नाही.’ ते सासूबाईंना पुन्हा एकदा वाचून दाखवावे आणि त्या कुठे अडखळल्या, तर तेवढे मला अवश्य कळवावे.