वहिनीला पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८. सारखी थकते. गरोदरपणात असं होतंच का?

नाही, ८ हिमोग्लोबिनवर येणारा थकवा 'होतंच असं' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो रक्त कमी असल्याचा आहे, आळसाचा तर मुळीच नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गंभीर. मी यवतमाळकडे उपकेंद्रात नर्स आहे. निंदणाला गेलेली अशी बाई हातातली ओळ अर्ध्यात सोडून धुऱ्यावर बसते, पाण्याचा गुंड उचलला की तिची छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड वाढते. वर घरात 'कामचुकार' ऐकावं लागतं, आणि तेच जास्त जिव्हारी लागतं.

लोहाची लाल गोळी चालू असेलच. या पातळीला डॉक्टर सहसा दिवसाला दोन देतात. काळजी एवढीच:

- चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत
- शौचाला काळं होतं म्हणून बंद करू नये

मात्र आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. तो असेल तर नुसत्या गोळ्यांनी रक्त पुरेसं वाढत नाही, उपचारही वेगळा ठरतो. म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. बसल्या जागी धाप लागत असेल तर ९ तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.